बाथरूम तुंबले तेव्हा



वर्षावास सुरू आहे. आमच्या विहारात रोज संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. त्या दिवशी सुनीत या सफाई कामगाराची कथा होती. राजगृहात रस्ता झाडणारा सुनीत तथागतांना येताना पाहून भिंतीला चिकटून उभा राहतो आणि तथागत त्याला संघात घेतात. वाचन मीच केले. वर चार शब्द समतेवर बोललो. घरी येऊन जेवलो आणि झोपलो.

पहाटे तीनला पत्नीने हलवून उठवले. “अहो उठा, बाथरूममधून पाणी घरात येतंय!” आमची खोली तळमजल्याची. रात्रभर पावसाची झोड, त्यात समुद्राला भरती. न्हाणीच्या जाळीतून काळे पाणी उलटे वर येत होते. घोटाभर पाण्यात मग आणि चपला तरंगत होत्या.

माझ्या तोंडून पहिले वाक्य निघाले ते असे, “सकाळी नाक्यावरच्या त्या माणसाला बोलावू. पाचशे रुपये दिले की चेंबरमध्ये उतरेल.”

पत्नी क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, “संध्याकाळी कुणाची कथा वाचलीत? बाबासाहेबांच्या शब्दाखातर तुमच्या आजोबांनी मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, गावाचा बहिष्कार सोसला. आणि तुम्ही दुसऱ्याच्या लेकराला घाणीत उतरवणार?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि मुलालाही उठवले. बाथरूम धुणे हे आईचेच काम, असे तोवर तोही समजत होता. त्याने ते पाहिले होते माझ्याकडूनच.

काम करताना जे शिकलो ते सांगतो, पावसाळ्यात कोणालाही उपयोगी पडेल.

आधी विजेचा मेन स्विच बंद करावा, पण तोही कोरड्या जागी उभे राहून. गिझर, वॉशिंग मशीनला ओल्या हाताने शिवू नये. पायात गमबूट, हातात रबरी मोजे घालावेत. पायाला जखम असेल त्याने या पाण्यात उतरूच नये. २००५ च्या २६ जुलैच्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली होती, ती अशाच घाण पाण्यातून. पुराच्या पाण्यात वावर झाला असेल तर डॉक्टरांना दाखवून घ्यावे.

बाहेर पाणी चढलेले असताना घरातले उपसून उपयोग नाही, ते पुन्हा येते. जाळीवर वाळूची जड पिशवी दाबून ठेवावी आणि बाहेरचे पाणी उतरले की बादलीने उपसावे. मग जाळी काढून आतले केस, साबणाचा लगदा हाताला मोजे घालून काढावा.

पुष्कळजण सरळ ब्लीचिंग पावडर फेकतात. ते चुकते. आधी साबणाच्या पाण्याने लाद्या आणि भिंती घासून धुवाव्यात, कारण चिखलावर पावडरचा गुण येत नाही. त्यानंतर एक लिटर पाण्यात ३० ग्रॅम पावडर कालवून ते पाणी फरशीवर अर्धा तास राहू द्यावे. दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात. ब्लीचिंग आणि अ‍ॅसिड मात्र कधीही एकत्र करू नये, विषारी वायू निघतो. दात घासण्याचे ब्रश, साबण, अंग घासायची घोसाळी टाकून द्यावीत. सोसायटीच्या टाकीत घाण पाणी शिरले असेल तर टाकी रिकामी करून धुतल्याशिवाय ते पाणी पिऊ नये.

दुरुस्तीची घाई करू नये. भिंत पुरती सुकल्यावरच रंग लावावा, नाहीतर पोपडे येतात. लाद्यांच्या सांध्यांतला सुटलेला माल खरवडून काढून तिथे पांढरे सिमेंट भरावे. हे आम्ही बापलेकांनी रविवारी केले, गवंड्याची मजुरी वाचली.

राहिला चेंबरचा प्रश्न. सकाळी सोसायटीतले चौघे जमले. “एखादा माणूस उतरवा, लवकर मोकळे होईल,” असे एकजण म्हणालाच. मी म्हटले, रात्री मीही हेच म्हणालो होतो. चेंबरमधल्या वायूने माणूस क्षणात बेशुद्ध पडतो, काढायला गेलेला दुसराही मरतो. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गटारात मरण आलेल्याच्या कुटुंबाला ३० लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले. पण गेलेला बाप त्या पैशांनी परत येत नाही.

वॉर्ड ऑफिसला लेखी अर्ज दिला, पोच घेतली. कारकुनाला एवढे तर जमतेच! दुसऱ्या दिवशी मशीनची गाडी आली. पाइपने चेंबर खेचला तेव्हा काय निघाले? प्लास्टिकच्या पिशव्या, चिंध्या, सॅनिटरी पॅड, शिळा भात. सगळे आमच्याच घरांतले. ज्याला आम्ही आत उतरवणार होतो, त्याने आमचीच घाण हाताने उपसली असती.

नाक्यावरच्या त्या माणसाला मी परवा भेटलो. दहा वर्षे रोज पाहतो, नाव कधी विचारले नव्हते. ते विचारले. सरकारच्या ‘नमस्ते’ योजनेत गटारसफाई कामगारांची नोंदणी होते, सुरक्षा साधने आणि आरोग्य विमा मिळतो, हे त्याला सांगितले. येत्या रविवारी तो कागदपत्रे घेऊन येणार आहे. फॉर्म मी भरून देणार आहे.

आपल्या आजी-आजोबांनी जी कामे झुगारून दिली, ती दुसऱ्या कुणाच्या माथी मारण्यासाठी नव्हती. बंधूंनो, या रविवारी आपल्या घरचे बाथरूम आपण स्वतः धुवावे. मुलांनाही बरोबर घ्यावे.

जयभीम!