चालतंय की!
कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आषाढ लागला की प्लाझ्मा कटर कुरकुरू लागतात आणि शिव्या मशीनला बसतात. दोष बहुधा हवेचा. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज कॉक उघडून काढलं नाही, तर ते थेट टॉर्चमध्ये जातं. तिथं तांब्याच्या इलेक्ट्रोडच्या टोकात हाफ्नियमचा मणी बसवलेला असतो, ज्वारीच्या दाण्याहून लहान. २०,००० अंश सेल्सिअसच्या घरातला आर्क तिथूनच सुटतो. ओल्या हवेत हा मणी भराभर झिजतो. साधारण १.५ मिलिमीटर खड्डा पडला की इलेक्ट्रोड बदलायचा, सोबत नोझलही. पण नोझलचं गोल भोक लांबट होऊन पत्र्याची कड तिरकी येईपर्यंत आमचं ‘चालतंय की!’ मग पोरगं दिवसभर ग्राइंडर घेऊन कडा घासत बसतं.