शाळा निवडताना

‘मुलाच्या कलानं शिकवतो’ म्हणत भरमसाट फी घेणाऱ्या शाळा पाहिल्या की कोसबाड आठवतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडला नेलं. आदिवासी मुलं शाळेत येईनात, तर शाळाच पाड्यावरच्या अंगणात गेली. शिंपले, बिया, पानं हीच साधनं. माँटेसरीबाईंचं रोममधलं पहिलं बालगृहही (१९०७) गरीब कामगारवस्तीतलंच. तेव्हा महागड्या लाकडी ठोकळ्यांना भुलू नका. साध्या पारंपरिक शाळेतही एखादी बाई मुलांना मनसोक्त मातीत खेळू देते. तिसऱ्या वर्षी पेन्सिलीनं अक्षरं गिरवायला लावणारी शाळा मात्र, कितीही नावाजलेली असो, नकोच. प्रवेशाआधी तासभर वर्गात बसू देता का, विचारा. नाही म्हणाले तर दुसरी शाळा बघा.