यंदाचा फराळ कशात तळणार? सोलापूरकरांना जाहीर आवाहन



येत्या पंधरवड्यात घरोघरी कढया चढतील. चकल्या, कडबोळी, शंकरपाळी, चिवडा. पेठेत फरसाणाच्या भट्ट्या, बेकऱ्यांत नानकटाईचे ट्रे. किराणा दुकानांत तेलाच्या डब्यांची थप्पी आत्ताच लागली आहे. म्हणून हे पत्रक आत्ताच काढतो आहोत. आम्ही याच शहरात दवाखाने चालवणारे काही डॉक्टर आहोत. फराळ करू नका, असं सांगायला आलेलो नाही. फराळ कराच. फक्त तो कशात तळायचा हे घरात बसून ठरवा, आणि विकत आणणार असाल तर दुकानात स्पष्ट विचारून घ्या.

विचारायची एवढी गरज का पडली? आमच्याकडे छातीत दुखतंय म्हणून येणारी माणसं पूर्वीपेक्षा तरुण दिसू लागली आहेत, आणि आपल्याकडे हा आजार लवकर गाठतो, हा नुसता आमचा भास नाही. ‘इंटरहार्ट’ नावाचा बावन्न देशांतला एक मोठा अभ्यास आहे. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हार्ट अटॅक साधारण ५३व्या वर्षी येतो आणि इतर देशांतल्या लोकांना ५९च्या आसपास, असं त्यात दिसलं. म्हणजे सहा वर्षं आधी, घरात शिकणारी मुलं असतात आणि कर्जाचे हप्ते चालू असतात त्या वयात. तंबाखू, बिडी, साखरेचा आजार, रक्तदाब ही कारणं आहेतच आणि त्यांवर आम्ही नेहमीच बोलतो. आज फक्त चरबीबद्दल बोलू, कारण त्याविषयी गैरसमज फार आहेत.

तपासायला आलेला माणूस अभिमानाने सांगतो, “डॉक्टरसाहेब, तेल-तूप सगळं बंद केलंय.” मग खाता काय? सकाळी चहाबरोबर खारी नाहीतर टोस्ट, दुपारी भात जास्त, संध्याकाळी परत चहा-बिस्किट. त्याचा रिपोर्ट पाहिला तर रक्तातली ट्रायग्लिसराइड ही चरबी चढलेली, एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल खाली आलेलं. बिचाऱ्याने चरबी काढली आणि तिच्या जागी मैदा नि साखर आणून बसवली. शिवाय खारीतली चरबी त्याच्या हिशेबात कधी आलीच नव्हती. एखादी गोष्ट ताटातून काढली की तिच्या जागी दुसरं काही येतंच, आणि हृदयाचं भलं की वाईट हे त्या दुसऱ्या वस्तूवर ठरतं. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ साली जुने प्रयोग एकत्र तपासून हेच सांगितलं. संपृक्त चरबी कमी करून तिच्या जागी बहुअसंपृक्त (पॉलिअनसॅच्युरेटेड) तेलं आणली तर हृदयविकार सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. तिच्या जागी मैदा-साखर आणली तर हाती काही लागत नाही.

ही संपृक्त चरबी म्हणजे पाकिटावर ‘सॅच्युरेटेड फॅट’ म्हणून छापलेली असते ती. ती शरीरात नेमकं काय करते, हे एकदा समजून घ्यावं. रक्तातलं एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते, बाहेर काढायचं काम मुख्यतः यकृत करतं. यकृताच्या पेशींवर एलडीएल पकडून आत ओढणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी ते शोधून काढले आणि त्यांना १९८५ साली नोबेल मिळालं. संपृक्त चरबी जास्त झाली की हे ग्राहक कमी पडतात आणि एलडीएल रक्तात फिरत राहून धमन्यांच्या भिंतीत साचत जातं. असंपृक्त चरबीने उलट घडतं. म्हणूनच अंड्यातल्या बलकापेक्षा पामतेलात तळलेला वडा बहुतेकांच्या कोलेस्टेरॉलला जास्त भारी पडतो, जरी पामतेलाच्या डब्यावर ‘कोलेस्टेरॉल फ्री’ लिहिलेलं असलं तरी. वनस्पतींत कोलेस्टेरॉल मुळात नसतंच. ते सांगणं म्हणजे मिठात साखर नाही असं छापण्यासारखं आहे. त्या अक्षरांवर आणि शेजारच्या लाल हृदयाच्या चित्रावर पैसे घालवू नका. पिशवी उलटी करा आणि मागचा तक्ता वाचा.

तक्त्यात साधारण काय दिसेल ते सांगतो. खोबरेल तेलात जवळपास नव्वद टक्के चरबी संपृक्त असते, तुपात साठ टक्क्यांच्या वर, पामतेलात निम्म्याच्या आसपास, पामोलिनमध्ये चाळिशीच्या पुढे. शेंगदाणा तेलात वीस टक्क्यांच्या आतबाहेर, सोयाबीनमध्ये पंधरा, सूर्यफुलात दहा-अकरा. आणि करडईत दहा टक्क्यांहूनही कमी.

करडईशी थोडं थांबायला हवं, कारण ती आपली आहे. बार्शी-मंगळवेढ्याच्या काळ्या रानात, थंडीच्या दवावर येणारं हे पीक. ज्वारीच्या कडेने काटेरी करडईचे पट्टे असायचे म्हणजे जनावरं आत शिरायची नाहीत, आणि घरातल्या आमटी-कालवणाला तेल त्याच करडईचं. आज आपल्याच जिल्ह्यात ते तेल मागितलं तर दुकानदार आधी जरा विचारात पडतो. काटे टोचतात, काढणीला मजूर मिळत नाहीत, भाव परवडत नाही. शेतकऱ्याने पेरा सोडला यात त्याचा दोष नाही. पण गिऱ्हाईक परत आलं तर पेरा परत येऊ शकतो. हे डॉक्टरचं काम नव्हे, तरी लिहून ठेवतो.

करडईचं तेल फोडणीला, भाजीला, आमटीला उत्तम. खोल तळणाला मात्र आम्ही ते सुचवणार नाही. जी तेलं जास्त बहुअसंपृक्त असतात ती कडक आचेवर लवकर बिघडतात. तळणाला शेंगदाणा तेल बरं, त्यातली बरीचशी चरबी एकअसंपृक्त (मोनोअनसॅच्युरेटेड) असते आणि ती आच जास्त सोसते. घाण्याचं आणा की रिफाइंड, चरबीचं गणित तेच राहतं. घाण्याच्या तेलाला वास आणि चव असते, ती आवडत असेल तर जरूर आणा; पण घाण्याचं आहे म्हणून दुप्पट ओतलं तरी चालतं, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. आणि शेंगांच्या चटणीला भिऊ नका. शेंगदाण्यात निम्म्याच्या जवळ तेल असतं हे खरं, पण त्यातला संपृक्त भाग थोडाच असतो. कडक भाकरीवर चमचाभर चटणी, शेजारी जवसाची चटणी, हे जेवण कुठल्याही हृदयरोगतज्ज्ञाला दाखवावं असं आहे. जवसात तर वनस्पतीजन्य ओमेगा-३ भरपूर.

तुपाबद्दल हटकून विचारलं जातं. पुरणपोळीवर तूप घ्या. सणाच्या दिवशीच्या एका चमच्याने कुणाचं हृदय बंद पडत नाही. पण ‘गाईचं तूप कितीही चालतं’ हे मोबाइलवर फिरणारं ज्ञान खोटं आहे. ज्यांचं एलडीएल चढलेलं आहे, ज्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे, त्यांनी रोजचं तूप मोजूनच घ्यावं.

आता वनस्पती तूप, म्हणजे आपल्या बोलण्यातला डालडा. १९३७ साली तो बाजारात आला आणि अस्सल तुपाची ऐपत नसलेल्या घरांना त्याने सणाचा वास दिला, हे नाकारता येणार नाही. तेल घट्ट करण्यासाठी त्यात हायड्रोजन अर्धवट सोडत, आणि त्यातून ट्रान्स फॅट तयार होई. ही चरबी दुहेरी वाईट आहे. एलडीएल वाढवते आणि चांगलं एचडीएल घटवते. एवढा दोष संपृक्त चरबीतही नाही. सरकारने यावर मर्यादा घातली. २०२१ मध्ये तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटची परवानगी तीन टक्क्यांवर आणली आणि १ जानेवारी २०२२पासून दोन टक्क्यांवर. हे चांगलं काम झालं. पण ‘ट्रान्स फॅट झिरो’ वाचून खारीचं पाकीट पोरांच्या हातात देण्याआधी संपृक्त चरबीची ओळही बघा. ट्रान्स फॅट काढूनही वस्तू घट्ट आणि खुसखुशीत हवी असेल तर तिथे बहुतेक वेळा पामचा घट्ट भाग येतो, आणि तो संपृक्त. एक संकट गेलं, दुसरं थोडं सौम्य आलं, एवढंच.

तळणाचं तेल पुन्हापुन्हा तापवलं की ते वेगळंच काहीतरी होऊन बसतं. जड होतं, फेसाळतं, काळपटतं, घशाशी येतं. त्यात तयार होणाऱ्या पदार्थांना ध्रुवीय संयुगं म्हणतात. त्यांचं प्रमाण पंचवीस टक्क्यांवर गेलं की ते तेल वापरता येत नाही, असा नियम १ जुलै २०१८पासून देशभर लागू आहे. दिवसाला पन्नास लिटरहून जास्त तेल तळणाला लागणाऱ्या दुकानांनी त्याची नोंद ठेवायची आणि जुनं तेल बायोडिझेल करणाऱ्यांकडे द्यायचं, असाही आदेश आहे. घरी एवढं करा: फराळ संपला की कढईतलं तेल गाळून ठेवा, दोन-तीन दिवसांत फोडणीला वापरून टाका, पुन्हा तळणाला घेऊ नका. जुन्यात नवं ओतण्याची सवय मोडा. ताजं तेल त्यात पडताच लवकर बिघडतं. मोठी कढई भरून एकदाच सगळं तळण्यापेक्षा छोट्या कढईत थोडं थोडं तळलं तर उरणारं तेल आपोआप कमी राहतं.

घरातल्या तेलाची मोजणी फार सोपी आहे. बैठं काम करणाऱ्या माणसाला दिवसाला तेल-तूप-लोणी मिळून वीस ते तीस ग्रॅम पुरतं. म्हणजे चौघांच्या घरात महिन्याला साधारण साडेतीन लिटर. तुमच्याकडे महिन्याला किती पिशव्या येतात ते किराण्याच्या यादीवर दिसेलच. बाहेरच्या शेव-फरसाणाचा हिशेब वेगळा जोडा. शेवेच्या पाकिटामागे शंभर ग्रॅमला चरबीचा आकडा सहसा तिशीच्या पुढचा असतो.

हे सगळं एकेकट्याने करायचं काम नाही, म्हणून तर जाहीर आवाहन. मॉरिशसचं उदाहरण देतो. तिथे आपली मराठी माणसंही पिढ्यान् पिढ्या राहतात. तिथल्या रेशनच्या तेलात मुख्य भाग पामतेलाचा होता. १९८७ साली सरकारने ते बदलून सोयाबीनचं केलं. जोडीला व्यायाम आणि धूम्रपानाविरुद्ध मोहीमही होती. पाच वर्षांनी पुन्हा तपासलं तेव्हा लोकांचं सरासरी कोलेस्टेरॉल सुमारे पंधरा टक्क्यांनी उतरलं होतं. सगळं श्रेय तेलाला देता येत नाही, पण घराघरात कुणी पथ्याची यादी न वाटता मोठा बदल झाला, त्यात दुकानातलं तेल बदलल्याचा वाटा आहेच. आपल्याकडे २०२२च्या दिवाळीत शंभर रुपयांचा ‘आनंदाचा शिधा’ मिळाला. त्यात रवा, चणाडाळ, साखर यांच्यासोबत लिटरभर पामतेल होतं. २०२४च्या गौरी-गणपतीच्या शिध्यात सोयाबीन तेल आलं. कुणाच्या मनात कोलेस्टेरॉल होतं की नाही, कोण जाणे. बदल मात्र योग्य दिशेने झाला. शिधा पुन्हा कधी ठरेल तेव्हा त्यात पामतेल नको, ही मागणी लोकप्रतिनिधींकडे आपणच करायला हवी.

फरसाणवाले, भजीवाले, मिठाईवाले आणि बेकरीमालक यांना हात जोडून विनंती: दुकानात एक पाटी लावा. त्यावर तेलाचं नाव आणि कढईतलं तेल कधी बदललं ती तारीख. खडूने लिहिली तरी चालेल. ज्याचा माल चांगला त्याचा यात फायदाच आहे. पामोलिन स्वस्त पडतं हे आम्हाला कळतं. शेंगदाणा तेलातल्या शेवेला किलोमागे थोडे जास्त पैसे द्यायला गिऱ्हाईक तयार आहे का, हे एकदा पाटी लावून बघा. लग्नाचे आचारी आणि केटरर यांच्याशी ठरवताना ताटाच्या दराबरोबर तेलाचंही ठरवा. गणेश मंडळांनी, देवस्थानांनी आणि गड्ड्याच्या यात्रेतल्या स्टॉलवाल्यांनी हे मनावर घेतलं तर शहरात पाट्या दिसायला वेळ लागणार नाही. दुकानात विचारायला संकोच वाटतो, विशेषतः ओळखीच्या दुकानात, हे आम्हालाही माहीत आहे. मग पोरांना विचारायला लावा. ती लाजत नाहीत.

शेवटी तपासणीचं. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ साली सांगितलं आहे की पहिली लिपिड तपासणी अठराव्या वर्षीच करून घ्यावी. घरात कुणाला कमी वयात हार्ट अटॅक आला असेल तर त्याआधीही. त्यासाठी दरवेळी उपाशीपोटी थांबावं लागत नाही. निरोगी माणसाचं एलडीएल शंभरच्या खाली असावं, ज्यांना धोका जास्त त्यांचं सत्तरच्या खाली, आणि ज्यांचा धोका फारच मोठा त्यांचं पंचावन्नच्या खाली. काहींचं कोलेस्टेरॉल घराण्यातूनच चढतं आलेलं असतं. त्यांनी कितीही करडई खाल्ली तरी गोळीशिवाय ते उतरत नाही. तेल बदललं म्हणून डॉक्टरांनी दिलेली कोलेस्टेरॉलची गोळी आपल्या मनाने बंद करू नका. आणि फराळाच्या गडबडीत छातीत दाब, डाव्या हातात कळ, दरदरून घाम असं काही झालं तर त्याला अॅसिडिटी समजून जेलुसिल घेत घरी बसू नका. लगेच १०८ ला फोन करा.

आपले,
सोलापुरातले काही डॉक्टर