‘थोडंच राहिलंय’ म्हणणाऱ्यांपासून सावध!

मागच्या डिसेंबरमधला एक रविवार. आम्ही तिघं, तीन माउंटन बाइक आणि प्लॅन एकदम साधा. पुण्याहून पानशेत रस्त्याने खानापूर, तिथे मिसळ, आसपासच्या कच्च्या वाटांवर थोडी मस्ती आणि दुपारी एकला घरी जेवायला. जाऊन-येऊन साधारण 60 किलोमीटर. प्रत्यक्षात संध्याकाळी सात वाजता आम्ही नसरापूरला होतो. मीटरवर 84 चा आकडा होता आणि पुणं अजून 30 किलोमीटरहून लांब!

मधे काय झालं? खरं सांगायचं तर काहीच नाही. कोणी पडलं नाही, ट्यूब पंक्चर झाली नाही. फक्त ‘अरे, थोडंच राहिलंय’ हे वाक्य पुन्हा पुन्हा बोललं गेलं. आणि बोलणारी मीच होते.

पहिल्यांदा बोलले ते खानापुरात. साडेदहाच वाजले होते, म्हणून पाबे घाट चढायची टूम निघाली. आमच्यातला एक मित्र म्हणाला, ‘माझे पाय भरलेत, मी इथूनच परत जातो.’ मी ते हसण्यावारी नेलं. वरून राजगड आणि तोरणा दिसले तेव्हा तर माझंच बरोबर वाटलं. मग काय, पलीकडे उतरलो. अॅपवर एक तुटक रेघ दिसली, शॉर्टकटची. ती रेघ कापणी झालेल्या भातखाचरात जाऊन संपली. बांधांवरून सायकली खांद्यावर घेऊन तासभर चाललो. पाणी संपलं, रेंज गेली. परत घाट चढायचं त्राण कोणातच नव्हतं, म्हणून विंझर-नसरापूरमार्गे हायवे गाठायचं ठरलं.

वाटेत एका घरी पाणी मागितलं. आजींनी पाणी दिलं, भाकरी-पिठलंही वाढलं आणि विचारलं, ‘घरी सांगून आलाय का रं पोरांनो?’ आम्ही तिघंही ताटात बघत बसलो. रेंज आली तेव्हा माझ्या फोनवर आईचे 14 मिस्ड कॉल होते.

डिसेंबरमध्ये आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. आमच्याकडे तिघांत मिळून एक दिवा. मित्राच्या पोटऱ्यांमध्ये गोळे येत होते. शेजारून ट्रक गेला की सायकल हलायची. नसरापूरला एका पिकअपवाल्या काकांनी सायकली मागे टाकल्या, डिझेलपुरते पैसे घेतले आणि कात्रजला सोडलं.

दुसऱ्या दिवशी मी फोटो टाकला, ‘अनप्लॅन्ड अॅडव्हेंचर!’ लाइक्स भरपूर. मित्राचा मात्र मेसेज आला, ‘मी खानापुरातच सांगितलं होतं.’ एवढंच. मी पोस्ट काढून टाकली.

वाट चुकणं, प्लॅन बदलणं यात थ्रिल आहे, मान्य. पण आपण राइड लांबवतो तेव्हा ती फक्त आपली लांबत नाही. ग्रुपमधल्या सगळ्यात दमलेल्या माणसाची लांबते, घरी वाट बघणाऱ्यांची लांबते. आणि शेवटी निस्तरतं कोण? कोणीतरी आजी, कोणीतरी काका.

म्हणूनच माझं मत बनलंय की राइडला निघताना अंतर नाही, वळायची वेळ ठरवा. बारा म्हणजे बारा, मग माथा समोर दिसत असला तरी. अॅपवरच्या वेळेवर विसंबू नका. माउंटन बाइकचे जाड, खाचांचे टायर मातीत पकड देतात, पण डांबरी रस्त्यावर तेच दमवतात. त्यात खांद्यावर सायकल घेऊन चाललेला तास कुठलंच अॅप धरत नाही. लांब पल्ल्याच्या ब्रेव्हेमध्येसुद्धा 200 किलोमीटरसाठी साडेतेरा तासांची मर्यादा असते, रात्री दिवे आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट सक्तीचं असतं. मुरलेले सायकलस्वार हे सगळं पाळतात आणि आपण मात्र एका बाटलीवर आणि ‘बघू पुढे’वर निघतो!

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ‘मला जमत नाहीये’ असं कोणी म्हटलं की चर्चा बंद. त्याला मोटिव्हेशन देऊ नका. ते वाक्य बोलायलाच किती धीर लागतो, हे मला फार उशिरा कळलं.

गेल्या महिन्यात आम्ही तिघं पुन्हा पाबे घाटात गेलो. बारा वाजले तेव्हा माथा दोन वळणांवर होता. माझ्या तोंडात ते वाक्य आलंच होतं. मित्राने नुसतं घड्याळ दाखवलं. वळलो, मिसळ खाल्ली, घरी आलो.

दार उघडताना आई म्हणाली, ‘आज एवढ्या लवकर?’