पॅकिंगचे काम

गेल्या तीन-चार वर्षांत आपल्या कॉलेजच्या सायकल स्टँडवर एक नवीच गंमत दिसू लागली आहे. आजोबांच्या, काकांच्या, मामांच्या ज्या मोटारसायकली वर्षानुवर्षे जिन्याखाली पोत्यांआड पडून होत्या, त्या एकेक करून उजेडात येत आहेत. परवा एकाच सकाळी मी दोन येझदी, एक राजदूत आणि एक बुलेट मोजली. टाकीला नवा रंग, कडेने सोनेरी रेघ, सायलेन्सरला आरशासारखे क्रोम. शेजारी अभिमानाने उभा असलेला मालक आणि भोवती पाच-सहा मित्रांचे कोंडाळे. आमच्या स्टाफरूममधील काही मंडळी या प्रकाराला नाके मुरडतात. मी त्यांच्यापैकी नाही. ज्या मुलाने एक इंजिन स्वतःच्या हाताने उघडून पुन्हा बसविले, त्याला पदार्थविज्ञानाचे निदान दोन धडे तरी मला कमी शिकवावे लागतात.

माझी तक्रार वेगळी आहे. ही मंडळी क्रोमवर दहा-दहा हजार रुपये खर्च करतात आणि कार्ब्युरेटर जेथे इंजिनाला जोडला जातो तेथे बसणाऱ्या, अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या कागदी चकतीकडे ढुंकूनही पाहत नाहीत. पुस्तकात तिला गॅस्केट म्हणतात. आपल्या बेळगावात गॅरेज मराठी माणसाचे असो की कानडी माणसाचे, तिचे नाव एकच : पॅकिंग. आणि हे पॅकिंग नीट न करता वर सिलिकॉनचा लेप थापून गाडी रस्त्यावर आणणे हा माझ्या मते निव्वळ बेजबाबदारपणा आहे. शब्द कडक वाटेल. पण तो मी प्रथम स्वतःलाच लावून घेतला आहे, म्हणून येथे लिहिण्याचे धाडस करतो.

माझ्या थोरल्या बंधूंची १९७९ सालची येझदी होती. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून जावा बनू लागली, १९७३ पासून तिला येझदी हे नाव मिळाले आणि १९९६ साली तो कारखाना बंद पडला. म्हणजे आमची गाडी आपल्याच राज्यात जन्मलेली. बंधू वारल्यानंतर ती बारा वर्षे तशीच उभी होती. पुतण्याने हट्ट धरला, "काका, बाबांची गाडी आपण दोघांनी मिळून उभी करायची." पिस्टन, रिंगा, बेअरिंगे ही कामे एका मिस्त्रीकडून करून घेतली. कार्ब्युरेटर मात्र मी स्वतः बसविला. पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक आहे ना! जुने पॅकिंग काढताना फाटले. नवे कापावयास लागणारा कागद घरात नव्हता आणि दुकान रविवारचे बंद. सिलिकॉनची नळी घरात होती. दोन्ही तोंडांना जाडसर लेप दिला, नट जोर लावून आवळले आणि हात धुतले.

गाडी सुरू झाली. आवाजही झकास. फक्त एक गोष्ट खटकली : मूठ सोडली तरी रेस लगेच उतरेना. मी आयडलिंगचा स्क्रू मागे घेतला, रेस उतरली, आणि मला वाटले की ट्यूनिंग झाले. आजाऱ्याचा ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर फेकून द्यावा, तसा तो प्रकार होता. सहाव्या दिवशी पुतण्या गोव्याला जाऊन साखळीमार्गे चोर्ला घाटाने परत येत होता. चढावर इंजिन जाम बसले, मागचे चाक जागीच थांबले आणि गाडी घसरली. मागून वाहन नव्हते, एवढेच आमचे नशीब. गळ्याखालचे हासळीचे हाड मोडले. सहा आठवडे त्याचा हात गळ्यात होता आणि तेवढे दिवस वहिनींच्या समोर बसून जेवण्याचे धैर्य मला झाले नाही.

मिस्त्रीने इंजिन उघडले तेव्हा पिस्टनवर उभे ओरखडे होते आणि प्लगचे टोक पांढरे फटक पडले होते. मग त्याने कार्ब्युरेटर काढला, सिलिकॉनची एक फुगलेली पट्टी बोटाने ओढून माझ्यापुढे धरली आणि म्हणाला, "काय करून ठेवलासा सर हे? ह्या शेंबडानं हवा थांबतीया व्हय?"

आता यातील विज्ञान पाहू. ते अकरावी-बारावीच्या बाहेरचे नाही. कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा जाते तेव्हा तिचा वेग वाढतो आणि दाब घटतो. त्या घटलेल्या दाबामुळे जेटमधून पेट्रोल वर ओढले जाते. बर्नूलीचे तत्त्व आपण परीक्षेपुरते घोकतो ते हेच. जितकी हवा गळ्यातून गेली त्या हिशेबाने पेट्रोल येते : वजनाने साधारण पावणेपंधरा भाग हवेला एक भाग पेट्रोल. पण कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्या सांध्यातून जी हवा आत शिरते ती गळ्यातून गेलेलीच नसते. तिच्या वाट्याचे पेट्रोल कोणी मोजून दिलेले नाही. मिश्रण पातळ होते आणि जळण्याची उष्णता वाढते. टू-स्ट्रोक गाडीत तर पेट्रोलमध्येच तेल मिसळलेले असते. पेट्रोल कमी गेले की तेलही कमी गेले. पिस्टन तापून फुगतो, मधला तेलाचा पदर जळून जातो, आणि मग चोर्ला घाट.

मूठ सोडली असता ही चोरटी हवा अधिक जाणवते, कारण तेव्हा कार्ब्युरेटरचा रस्ता जवळजवळ बंद असतो आणि फटीतून येणाऱ्या हवेचा वाटा त्या मानाने मोठा ठरतो. म्हणून रेस चढलेली राहते. गॅरेजमध्ये म्हणतात, गाडी हवा घेते. हे लक्षण दिसल्यावर स्क्रूला हात लावू नये. गाडी आयडलिंगवर ठेवून तेलाच्या कुपीने दोन-तीन थेंब सांध्यावर सोडावेत; आवाज बदलला की चोर सापडला. काही विद्यार्थी याच कामासाठी पेट्रोल शिंपडताना मी पाहिले आहेत. तापलेल्या सिलिंडरशेजारी हा उद्योग करणाऱ्याचे नाव उद्याच्या वर्तमानपत्रात यायला वेळ लागणार नाही. आणि एवढ्याने चोर सापडला नाही, तर टू-स्ट्रोक गाडीत क्रँकचे ऑइल सील पाहावे. तेही असेच हवा घेते.

पण मला खरे शिकविले ते मिस्त्रीच्या पुढच्या कृतीने. नवे पॅकिंग कापण्याआधी त्याने कार्ब्युरेटरच्या तोंडावर स्टीलची पट्टी आडवी ठेवली आणि ते उजेडाकडे धरले. पट्टीच्या मधल्या भागाखालून उजेडाची बारीक रेघ दिसत होती. कारण सोपे आहे. हे तोंड दोन्ही कानांशी दोन नटांनी आवळले जाते, मध्ये काही आधार नसतो आणि धातू डायकास्ट, म्हणजे मऊ. पॅकिंग जाड आणि मऊ असले व माझ्यासारख्याने जोर लावला, की कान इंजिनाकडे वाकतात आणि मधला भाग खोलगट राहतो. अशा तोंडाखाली तुम्ही कितीही जाड पॅकिंग घाला, ते आणखी वाकणार. जाड पॅकिंग म्हणजे पक्के काम, ही समजूत अगदी उलटी आहे. जेथे दोन सपाट तोंडे एकमेकांवर बसतात तेथे पातळ कागद पुरतो.

मग त्याने कार्ब्युरेटरमधील सर्व जेट काढून ठेवले, जाड सपाट काचेवर ४०० नंबरचा वॉटर पेपर पसरला, पाणी शिंपडले आणि ते तोंड हलक्या हाताने घासू लागला. सरळ रेषेत घासायचे नाही, हात आठाच्या आकड्यात फिरवायचा. (आपला मराठी आठ नव्हे, इंग्रजी. नाहीतर आमचे विद्यार्थी अर्धेच तोंड घासून ठेवतील.) पाऊण तास लागला. संपूर्ण तोंडावर एकसारखी झाक आली तेव्हा पुन्हा पट्टी ठेवून पाहिले. नंतर पेट्रोलने धुऊन बारीक छिद्रांतून हवा मारली, कारण घासलेली कीस जेटमध्ये गेली तर सगळेच मुसळ केरात.

पॅकिंग कापण्यालाही रीत आहे. कागद कार्ब्युरेटरच्या तोंडावर ठेवून हातोडीने कडा ठोकीत कापण्याची जी सवय काहींना असते, ती बिडाच्या तोंडासाठी ठीक. या मऊ धातूच्या कडा त्याने बुजतात. तोंडाला किंचित ग्रीस लावून कागदावर ठसा घ्यावा, बोल्टची भोके पंचने आधी पाडावीत, मग मधले मोठे भोक, बाहेरची कड शेवटी. मधले भोक इंजिनाच्या भोकापेक्षा लहान राहता कामा नये. आत डोकावणारी कागदाची जीभ वाट अडविते आणि एखाद्या दिवशी तुटून आत जाते. बाजारात तयार पॅकिंगचे संच मिळतात. ते वापरण्यास माझी हरकत नाही, पण बसविण्यापूर्वी गाडीवर लावून पाहा. मी आणलेल्या एका संचातील बोल्टची भोके दोन मिलिमीटर सरकलेली होती. लग्नपत्रिकेचे पॅकिंग कापून घरी पोहोचलेले शूरवीर मला ठाऊक आहेत. घरी पोहोचण्यापुरतेच ते आहे.

आणखी एक चकती अनेकजण अडगळ समजून फेकून देतात : बेकलाइटची जाड चकती. सिलिंडरची धग कार्ब्युरेटरपर्यंत जाऊ नये म्हणून ती असते. तिच्या दोन्ही बाजूंना एकेक कागदी पॅकिंग हवे. ती काढली की उन्हात उभी केलेली गाडी पुन्हा चालू होताना दमविते, कारण आतले पेट्रोल उकळू लागते. नट आवळताना एकदा हा, एकदा तो, पाव-पाव फेरा; लहान पान्याने. इंजिन एकदा तापून थंड झाल्यावर पुन्हा नुसते चाचपून पाहावे.

जुनी पॅकिंगे खरवडण्याबद्दल एक सूचना पोटतिडकीने करतो. त्या काळी इंजिनाच्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस सर्रास वापरीत. कोरडे खरवडून तोंडाने फुंकर मारू नका. ओले करून काढा आणि फडक्याने पुसून घ्या. ती धूळ फुप्फुसात गेली की राहते.

यावर एक आक्षेप येतो, तो आमच्याच वयाच्या लोकांकडून : "आम्ही चाळीस वर्षे शेलॅक लावून पॅकिंगे बसविली, काही झाले नाही." खरे आहे. शेलॅक म्हणजे लाख. ती पेट्रोलमध्ये विरघळत नाही, म्हणूनच जुने मिस्त्री तिच्यावर भिस्त ठेवीत. पण लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. फर्निचरचे पॉलिश तसेच तर बनते. आणि २०२५ पासून देशभर पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, म्हणजे अल्कोहोलच. आपल्या उसाच्या जिल्ह्याला हे मी काय सांगावे! शिवाय इथेनॉलला जळण्यासाठी पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते. जेट जुनाच ठेवला तर मिश्रण मुळातच सात-आठ टक्के पातळ होते. पूर्वी बारीकशी गळती इंजिन सोसून नेत असे. ती सोसण्याची जागा आता उरलेली नाही. १९७९ साली जे चालले ते आज चालेलच असे नाही, हे जुन्या गाडीवर प्रेम करणाऱ्यांनी आधी मान्य केले पाहिजे. सिलिकॉनलाही त्याची जागा आहे, पण जेथे ते सतत पेट्रोलमध्ये भिजते तेथे नाही. तेथे ते फुगते, सुटते आणि त्याचे तुकडे आत जातात.

दुसरा आक्षेप विद्यार्थ्यांचा. नव्या गाड्यांना कार्ब्युरेटरच नाही, मग हे शिकून उपयोग काय? या प्रश्नाचे उत्तर उद्यमबागेत जाऊन घ्यावे. तेथील ओतकामाच्या आणि यंत्रकामाच्या कारखान्यांत दिवसभर जे चालते त्यातले बरेचसे याच कामाच्या जातीचे : दोन तोंडे अशी सपाट करणे की मधून काही गळू नये. पंप असो, व्हॉल्व्ह असो, पट्टी आणि उजेड तेच. आपल्या अभियांत्रिकीच्या मुलांना संगणकावर फ्लँजचे सुरेख चित्र काढता येते. हातातली फ्लँज वाकली आहे की नाही हे त्यांना पाहता येत नाही, आणि याचा दोष मी त्यांना देत नाही. आम्ही त्यांना पट्टी धरायला कधी शिकविलेच नाही. मला स्वतःलाही ती एका सातवी शिकलेल्या मिस्त्रीने धरायला लावली.

म्हणून प्राचार्यांच्या परवानगीने असे ठरले आहे की दुसऱ्या सत्रात दर शनिवारी दुपारी पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेतील शेवटचे टेबल या कामासाठी मोकळे राहील. मिस्त्री येण्यास कबूल आहेत. ते कानडीतून बोलतील, मराठीतून बोलतील, जसा श्रोता तसे. जाड काच, पंच आणि कागद आमच्याकडे आहे. आपापला कार्ब्युरेटर पेट्रोल पूर्ण काढून, धुऊन आणावा. पहिल्या शनिवारी पुतण्या त्याचा आणणार आहे. या वेळी पॅकिंग तोच कापील. मला फक्त पट्टी धरण्याची परवानगी मिळाली आहे.