खुराड्यातून पुन्हा रुळावर



गेल्या पंधरवड्यात हरभऱ्यावरची घाटेअळी पाहायला एका गावी गेलो होतो. शिवारफेरी आटोपून ज्यांच्याकडे चहा झाला, त्यांच्या अंगणात जुनी बैलगाडी मोडून पडली होती. चाके भंगारवाल्याने नेली, साटीची लाकडे चुलीसाठी फोडून रचलेली. घरधनी म्हणाले, "साहेब, पोरानं ट्रॅक्टर घेतला. आता हिची काय पूजा करायची?" मला तिथे उत्तर सुचले नाही. परत येताना एस.टी.त जे आठवले ते आज लिहितो. गोष्ट आपल्याकडची नाही, इंग्लंडातली आहे.

ट्राम म्हणजे शहरातल्या रस्त्यात रूळ टाकून चालवलेली गाडी. मुंबईत ती ९ मे १८७४ रोजी घोड्यांवर सुरू झाली, १९०७ साली विजेवर आली आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बंद झाली. माझे वडील तेव्हा गिरणीत बदली कामगार होते. बोरीबंदरहून दादरला गेलेली ती शेवटची ट्राम पाहायला किती गर्दी लोटली होती, हे ते मरेपर्यंत सांगत. त्या ट्रामी पुढे कुठे गेल्या, असे विचारले की मात्र गप्प बसत.

इंग्लंडातही दुसऱ्या महायुद्धानंतर एकामागून एक शहर ट्रामी मोडीत काढू लागले. बसला रूळ लागत नाहीत, डोक्यावर तार लागत नाही, असा हिशेब. १९४८ साली साउदॅम्प्टन शहरात काही हौशी मंडळी निरोपाची फेरी मारायला गेली. आपण बसलो ती गाडी आता भंगारात जाणार, हे त्यांना बघवेना. त्यांनी ती ४५ नंबरची ट्राम १० पौंडांना विकत घेतली. घेतली खरी, पण ठेवायची कुठे? बाजारातून हौसेने हत्ती आणावा आणि दारात आल्यावर गोठा आठवावा, तशी गत झाली. पुढे १९५५ साली त्यांनी संस्था काढली आणि १९५९ साली डर्बीशायर परगण्यात क्रिच गावाजवळची चुनखडीची जुनी खाण त्यांना मिळाली.

तिथे यांनी शनिवार-रविवार राबायला सुरुवात केली. आठवडाभर आपापली नोकरी आणि सुटीला चिखलात उभे राहून रूळ टाकायचे. शहरांनी उखडलेले रूळ, खांब, रस्त्याचे दगडसुद्धा गोळा करून आणले. १९६३ साली पहिली ट्राम चालली ती घोड्यावर. ती गाडी १८७४ सालची, म्हणजे मुंबईच्या पहिल्या ट्रामच्या वयाची. १९६४ च्या जुलैत विजेची ट्राम सुरू झाली. मुंबईची ट्राम थांबून तेव्हा चार महिनेही झाले नव्हते.

आता खरी गंमत ऐका. ट्राम मोडीत काढताना लोखंड भंगारात जाई, पण वरचा लाकडी सांगाडा पुष्कळदा कुणीतरी स्वस्तात घेऊन जाई. शेतकऱ्यांनीही नेले. कुणी त्यात कोंबड्यांचे खुराडे केले, कुणी अवजारांची खोली. चेस्टरफील्ड शहराची १९०४ सालची ७ नंबरची ट्राम तर राहते घर झाली होती. १९७३ साली ती तिथून सोडवून आणली. काही लोक या वापराला नाक मुरडतील, मला मात्र त्या शेतकऱ्यांचे आभार मानावेसे वाटतात. कोंबड्यांना छप्पर हवे होते म्हणूनच ते लाकूड टिकले.

असा सांगाडा आणला की एकेक फळी सुटी करायची, मापे घ्यायची, खुणा करायच्या. कुजलेले तेवढेच बदलायचे. रंगाचे थर खरवडत मूळ रंगापर्यंत जायचे. लंडनची १९०३ सालची १०६ नंबरची ट्राम मधल्या काळात रुळांवरचे बर्फ झाडायला लावली होती. तिला पुन्हा प्रवासी गाडी करायला हौशी मंडळींची कित्येक वर्षे गेली आणि १९८३ साली ती पुरी झाली. आज तिथल्या कर्मशाळेत पगारी कारागीरही आहेत, पण गाड्या चालवणारे आणि तिकिटे देणारे बहुतेक बिनपगारीच.

ट्रामच्या चाकावर पोलादी धाव असते. ती तापवून फुगवायची, चाकावर बसवायची आणि थंड झाली की आवळून धरते. आपला लोहार गोवऱ्यांच्या जाळात धाव तापवून बैलगाडीच्या चाकावर चढवतो, तीच ही विद्या. वाचले तेव्हा मी पान उलटून पुन्हा वाचले.

गाडी चालवली की झिजते, हे या मंडळींनाही कळते. नुसती उभी ठेवली तर ती पुष्कळ वर्षे टिकेल. पण मग ब्रेक केव्हा आवळायचा, ओल्या रुळावर चाक घसरू लागले की चाकापुढे वाळू केव्हा सोडायची, हे शिकवायचे कशावर? ते शेजारी उभे राहून हातानेच शिकवावे लागते. म्हणून तिथे गाड्या आलटून पालटून सुमारे मैलभर रुळावर पळतात. दारात पाहुण्याच्या हातावर जुना पेनी ठेवण्याची प्रथा आहे. तो कंडक्टरला दिला की तिकीट मिळते. घंटीची रीतही आपल्या एस.टी.सारखीच, थांबायला एक आणि निघायला दोन.

येत्या मंगळवारी मला पुन्हा त्या गावी जायचे आहे. चाके अजून भंगारवाल्याच्या दारात पडून आहेत, असे कळले. धाव चढवणारे लोहार त्या गावात आता एकच उरलेत, सत्तरी ओलांडलेले. अळीचे काम उरकून आधी त्यांच्या भात्याजवळ बसणार आहे. घरधन्यांच्या पोरालाही बोलावले आहे, बघू येतो का.