साखरेचे भिंग आणि आपला ऊस



साखरेपासून डोळ्यात घालायची मऊ लेन्स होते, असं कुणी सांगितलं तर हसू येईल. पण अशी द्रव्ये संशोधकांनी खरोखर करून पाहिली आहेत.

1961 साली प्रागमध्ये ओटो विख्टर्ले यांनी मुलांच्या खेळण्यातले भाग जुळवून यंत्र केले आणि मऊ लेन्स काढली. ते प्लास्टिक पाणी धरून ठेवते आणि त्या पाण्यातून बुबुळाला हवेतला प्राणवायू मिळतो. साखरेचा रेणू तर पाण्याचा मोठा लोभी. नुसती साखर आसवात विरघळून जाईल, म्हणून ती प्लास्टिकच्या जाळ्यात रासायनिक गाठीने बांधावी लागते.

आता हिशेब बघा. एक लेन्स काही मिलिग्रॅमची. एका क्विंटल साखरेत लाखो लेन्स होतील. तेव्हा वैभववाडीकडून घाट चढून गाळपाला येणाऱ्या आपल्या उसाला यामुळे चार पैसे जादा मिळतील, ही आशा नको. अशा योजनेच्या नावाने कुणी भागभांडवल मागितले, तर आधी हिशेब मागा.

मात्र मोल आहे ते ज्ञानाला. साखर आपली आणि विद्या परक्याची, असं किती दिवस चालायचं? सभासदांच्या मुलामुलींना रसायनशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी कारखान्याने दरवर्षी शिष्यवृत्ती द्यावी. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा काही लांब नाही. येत्या वार्षिक सभेत हा ठराव कुणीतरी मांडावा. विचार व्हावा.